तिसरा मुखवटा

टक्... टक्... टक्.

गोविंद अगदी लहान होता, तेव्हा त्याने तो आवाज पहिल्यांदा ऐकला. मिरजेत त्याच्या वडिलांचं तंबोरे करायचं काम. माळ्यावर कडू भोपळे वाळायला टांगलेले असायचे आणि वारा सुटला की ते एकमेकांना हलकेच लागायचे. अंथरुणात पडल्या पडल्या पोराला वाटायचं, वर कुणीतरी चालतंय. एकदा वडील त्याला खांद्यावर घेऊन वर गेले, त्याचं बोट धरून एका भोपळ्यावर वाजवलं आणि म्हणाले, "ऐक. आत काही उरलं नाही म्हणून एवढा बोलतोय. ज्याच्या आत अजून काही आहे, तो नुसता धप् म्हणतो."

तेव्हापासून गोविंदला खोड लागली. भोपळा दिसला की बोटाच्या पेराने वाजवून बघायचा. मंडईत, लग्नाच्या स्वयंपाकात, कुठेही.

अथर्व, गोष्ट पुढे सांगतो, पण आधी तो पंखा जरा बारीक कर बाबा. मला मोठ्याने बोलवत नाही. आणि राधिका, तुला उद्या लवकर लॅब असेल तर आत्ताच जा. मध्येच उठायचं नाही.

तर हा गोविंद माझ्या चांगल्या ओळखीचा. बायको विमल गेली आणि मुलगी विनीता त्याला मिरजेहून इथे, परदेशात घेऊन आली. क्लेमेंटीलाच, नवव्या मजल्यावर. जावई मुकुल बँकेत. नात कस्तुरी, दहा वर्षांची. मिरजेला मुलगा आहे, श्रीनिवास. वाईट नाही तो, पण त्याच्या घरात गोविंदला दिवस दिवस कुणी हाक मारायचं नाही. इथे कस्तुरी शाळेतून आली की पाठीवरचं दप्तरही न काढता सुरू व्हायची, "आजोबा, यू नो व्हॉट!" अर्धं त्याला कळायचं नाही. पण त्या हाकेसाठी तो सकाळपासून दुपारची वाट बघायचा.

गेल्या वर्षीची गोष्ट आहे. घरी गौरी यायच्या होत्या. विनीताने त्याला लिटिल इंडियात पाठवलं, फुलं, केळीची पानं आणि नैवेद्याच्या भाज्या आणायला. तेरडा काही मिळाला नाही, तो इथे मिळतच नाही. शेवंती मिळाली. दोन्ही हातांत पिशव्या घेऊन तो संध्याकाळी क्लेमेंटी स्टेशनच्या बाहेर आला, तर तिथे देजी उभा.

देजी म्हणजे नायजेरियाचा मुलगा. योरुबा म्हणतात ना, त्यांच्यातला. युनिव्हर्सिटीत संशोधन करायचा आणि आधी विनीताच्याच घरी खोली घेऊन राहिलेला. गोविंद आला तेव्हा त्याने ती खोली सोडली, पण जाणं-येणं राहिलं. गोविंदला तो बाबाच म्हणायचा. त्यांच्या भाषेतही बापाला बाबाच म्हणतात. बोलायचा इंग्रजीत, पण सावकाश, म्हाताऱ्याला समजेल असं.

"बाबा, माझे वडील बरे नाहीत. रात्रीच्या विमानाने निघालोय. हे तुमच्याकडे ठेवतो. चीर गेलीय याला, प्रवासात फुटून जाईल. तुम्ही भोपळ्याची माणसं. जोडून ठेवा."

चादरीत गुंडाळलेला मुखवटा होता. मोठा भोपळा उभा कापून केलेला. देठाकडच्या निमुळत्या भागाचं कपाळ, डोळ्यांना दोन फटी, तोंडाला एक. गालांवर तापल्या सळईने काढलेल्या बारीक रेघा. कडेने कवड्या, आणि खाली रंगीत कापडाच्या वीतभर पट्ट्या. कानापासून हनुवटीपर्यंत चीर.

गोविंदने सवयीने पेर वाजवलं. टक्. छान, कोरडा, मोकळा आवाज.

"कुणाचा रे हा?"

"आजोबांचा. आमच्याकडे गेलेली माणसं वर्षातून एकदा घरी येतात, मुलाबाळांना बघायला. याच्याखाली येतात."

"पण मग याच्याखाली असतो कोण?"

देजी हसला. "ते कुणी विचारत नाही, बाबा."

एवढंच. घाईत होता बिचारा. गोविंदच्या पाया पडला, आपण पडतो त्याहून खाली, पार जमिनीला टेकून, येणारे-जाणारे बघत राहिले, आणि गेला.

गोविंद लिफ्टमधून बाहेर आला तर कॉरिडॉरमध्ये ही गर्दी. विनीताच्या हातात एक गौर, तिची मैत्रीण शुभदा आंग मो किओहून आलेली, तिच्या हातात दुसरी. मुकुलच्या घरचे जुने पितळी मुखवटे ते. कस्तुरी दारात ताट आणि चमचा घेऊन उभी. उंबऱ्यापासून आत कुंकवाची पावलं.

"बाबा, थांबा हं. आधी गौरी आत जाऊ देत," विनीता म्हणाली.

तो मागे उभा राहिला. पिशव्या खाली ठेवल्या. चादर निसटली. शुभदाने वळून बघितलं आणि तिला हसू आवरेना.

"अगं बाई, काकांनी पण एक आणलीय! या काका, या. आज तिघी येऊ देत."

कस्तुरीने ताट वाजवलं. "कोण आलं?"

"गौरी आल्या."

"कशाच्या पावलांनी आल्या?"

"हळदीकुंकवाच्या पावलांनी आल्या."

मग ती आजोबांकडे बघून डोळे मिचकावत म्हणाली, "अँड हू इज धिस? कोण आलं?"

गोविंदलाही गंमत वाटली. "पाहुणे आले."

"कशाच्या पावलांनी?"

"स्वतःच्या पावलांनी."

सगळे हसले. शुभदाने त्याच्याही पायांवर पाणी घातलं. आणि मुखवटा छातीशी धरून तो त्या दोघींच्या मागे घरात शिरला.

त्यांच्या घरची पद्धत अशी, की गौरींना सगळं घर दाखवायचं. प्रत्येक ठिकाणी थांबून गौर विचारते, इथं काय आहे? घरातल्याने सांगायचं. हॉल झाला. स्वयंपाकघर, इथं अन्नपूर्णा. डबे, इथं धान्याची रास. विनीताच्या खोलीतलं कपाट, इथं दागदागिने. शेवटी कस्तुरीची खोली.

"इथं काय आहे?"

"इथं मी झोपते, लाह!" इथल्या शाळेतल्या पोरांसारखं वाक्याला लाह जोडून ती म्हणाली.

तिसऱ्या दिवशी गौरी गेल्या. दहीभाताची शिदोरी दिली, अक्षता टाकल्या, मुखवटे जागचे जरासे हलवले आणि कापसात गुंडाळून ठेवून दिले.

दोनच.

तिसरा गोविंदच्या खोलीत कपाटावर होता. त्याला कुणी अक्षता टाकल्या नाहीत. कुणाच्या मनातही आलं नाही. तुमच्या आलं असतं?

त्याच दुपारी गोविंद चीर जोडायला बसला. कडा घासल्या, फेविकॉल भरला, दोरी बांधली. दोन दिवसांनी दोरी सोडली आणि पेर वाजवलं.

धप्.

त्याला वाटलं, चिकटवण ओली असेल. मुखवटा उलटा करून बघितला. मागून सगळा उघडा, आत काहीसुद्धा नाही. परत वाजवलं.

धप्.

त्याने तो परत वर ठेवला. तोंड भिंतीकडे करून. का, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

मग घरात बारीक सारीक सुरू झालं. सकाळी उठावं तर हॉलमधल्या सगळ्या खुर्च्या भिंतीपासून हात हात पुढे ओढलेल्या. विनीता म्हणाली, बाबा, रात्री उठून बसता का? तो म्हणाला, नाही गं. काही दिवसांनी फ्रिजचं दार सताड उघडं, दूध नासलं. मग डब्यांची झाकणं काढून ओळीने ओट्यावर मांडलेली, आणि तांदळात पाच बोटं रुतल्याच्या खुणा. विनीताने वडिलांच्या हातांकडे बघितलं. त्याने ते बघितलेलं बघितलं.

संशय वाईट असतो पोरांनो. तो एकावर थांबत नाही. गोविंदला आधी मुकुलचा संशय आला. हा रात्री कॉलवर असतो, खायला उठत असेल आणि नाव माझ्यावर. मग वाटलं, पोरगीच मुद्दाम करतेय, मला घालवायला निमित्त हवं तिला. असं मनात आलं म्हणून स्वतःचीच लाज वाटली. मग सगळ्यात वाईट ते आलं. मीच करत असलो तर? मीच उठत असलो आणि मलाच आठवत नसलं तर?

विनीताने त्याला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरीण बाईंनी विसरण्याची तपासणी म्हणून कागदावर घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं. शाळा फारशी न बघितलेला माणूस. काटे उलटे काढून ठेवले.

आणि मग विनीताच्या कपाटातली सगळी लुगडी-साड्या खाली काढलेल्या, दागिन्यांचा डबा उघडा. गेलं काहीच नव्हतं. नुसतं कुणी बघून ठेवल्यासारखं.

त्या रात्री बंद दाराआडून तिचा आवाज आला. "मला काय हौस आहे का मुकुल? उद्या गॅस चालू ठेवला तर? घरात पोर आहे. श्रीनिवासदादाशी बोललेय मी. दिवाळीआधी पोचवून येते मिरजेला."

गोविंद कॉटवर बसून राहिला. पोचवून येते. पार्सल असल्यासारखं. आणि दुपारची ती हाक... आता कुणाला मारणार ती?

बसल्या बसल्या त्याच्या एक गोष्ट ध्यानात आली. आधी हॉल. मग स्वयंपाकघर. मग डबे. मग कपाट.

घर दाखवलं होतं, त्याच क्रमाने.

एक खोली राहिली होती.

हसू नकोस अथर्व. मीही हसलो होतो, त्याने सांगितलं तेव्हा. त्याचं तोंड बघितलं आणि थांबलो.

दुसरा दिवस रविवारचा. सर्वपित्री अमावास्या. आणि योग बघा, इथल्या चिनी लोकांचा पितरांचा महिनाही त्याच दिवशी संपत होता. खाली ब्लॉकजवळच्या पिंपांत लोक पितरांच्या नावाने कागदी नोटा जाळत होते. संध्याकाळभर तो धूर नवव्या मजल्यापर्यंत येत होता. सकाळी गोविंदने खिडकीत कावळ्यासाठी घास ठेवला, तर विनीताने उचलून घेतला. "बाबा, इथे पक्ष्यांना खायला घातलं तर दंड होतो."

रात्री तिला आणि मुकुलला शुभदाकडे जायचं होतं. तिचे सासरे पुण्याहून आलेले. कस्तुरीला दुसऱ्या दिवशी शाळा, ती लवकर झोपली.

"दीड तासात येतो आम्ही. गॅसला हात लावू नका, बाबा. नुसते बसा. प्लीज."

"बसतो."

दार ओढलं गेलं. बाहेरच्या लोखंडी गेटची कडी वाजली. गोविंदने पंखा बंद केला, आवाज ऐकू यावा म्हणून. वाटीत दहीभात कालवला. मुठीत अक्षता घेतल्या. आणि हॉलमध्ये, जिथून स्वतःच्या खोलीचं दारही दिसतं आणि कस्तुरीचंही, तिथे खुर्चीत बसला.

खाली कुणीतरी पिंपावर काठी आपटली. मग तेही थांबलं.

बराच वेळ काही नाही.

मग त्याच्या खोलीतून... कवड्या. कवडीवर कवडी घासावी तसं. खुळ्... खुळ्...

त्याने मान वळवली नाही. नुसते डोळे वळवले. खोलीत अंधार. अर्धवट उघड्या दारातून उजेडाच्या पट्टीत कापड आलं. रंगीत पट्ट्या. जमिनीला टेकलेल्या. वीतभर होत्या त्या. वीतभर.

कापड पुढे सरकलं. पावलांचा आवाज नाही. नुसतं कापड फरशीवरून ओढल्याचा.

गोविंदच्या पुढून गेलं. त्याने वर बघितलं नाही. ते कुणी विचारत नाही, बाबा. तेवढंच डोक्यात.

कस्तुरीच्या दाराशी थांबलं.

आणि मग आवाज. घागरीत तोंड घालून माणूस बोलतो तसा. शब्द नव्हते. पण शेवटाला वर जाणारा. प्रश्न होता तो.

आतून झोपेतल्या पोरीने उत्तर दिलं.

"इथं मी झोपते."

थांबलं. परत तोच आवाज. थोडा जवळून.

"कस्तुरी."



तिसऱ्यांदा विचारलं. या वेळी लांब. अगदी मायेने. आणि आत पांघरूण बाजूला सारल्याचा आवाज झाला. पोरीची पावलं फरशीवर पडली.

"येते हं..."

तो कसा उठला, कसा पोचला, त्याला माहीत नाही. कस्तुरीच्या दाराला पाठ लावून, दोन्ही हात चौकटीला टेकवून उभा राहिला. डोळे मिटलेले. समोरून ऊब येत होती. माणसाची. आणि जुन्या, बंद पेटीतल्या कापडाचा वास.

"आजोबा," गोविंद म्हणाला.

काही नाही.

"आजोबा, घर बघून झालं तुमचं. चूक माझी आहे. मी तुम्हाला आत आणलं आणि निरोप द्यायचा राहिला. पण ही माझी नात आहे. तुमची नातवंडं तिकडे आहेत... देजी गेलाय तिकडे. तुमचा मुलगा आजारी आहे. तो तुमची वाट बघत असेल. माझ्या पोरीला कशाला नेता?"

मुठीतल्या अक्षता त्याने समोर टाकल्या. त्या फरशीवर पडल्याचा आवाज व्हायला हवा होता. काही पडल्या. काहींचा आवाजच झाला नाही.

"शिदोरी ठेवलीय. घ्या... आणि या आता."

...

...

मग कापड वळलं. हळू. हॉलमधून ओढत गेलं. गोविंद कान लावून होता. गेटची कडी वाजेल. आत्ता वाजेल.

वाजली नाही.

त्याच्या पाठीमागे, दाराच्या आत, कस्तुरी परत गादीवर पडली. तिचा श्वास संथ झाला. तो मात्र तसाच उभा.

विनीता आणि मुकुल आले तेव्हाही तो तसाच होता. फरशीवर तांदूळ. खुर्चीखाली दहीभाताची वाटी, तशीच भरलेली. आणि दारात हात पसरून म्हातारा.

मुकुल त्याच्या हाताखालून वाकून आत गेला, पोरीला बघायला. विनीताने पर्स खाली टाकली.

"बाबा! काय चाललंय हे?"

त्याने सांगितलं. जमेल तसं. गौरी, तिसरा मुखवटा, खोल्यांचा क्रम. बोलता बोलता त्यालाच कळत होतं, हे ऐकायला कसं वाटतंय ते. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. रागाचं होतं की कसलं, सांगता यायचं नाही.

"पासपोर्ट द्या तुमचा."

"विनू, नको गं. मी वेडा नाही."

"मी वेडा म्हणतेय का? मी थकलेय, बाबा. मला रोज सकाळी भीती वाटते, आज काय उघडं असेल म्हणून. कुठाय पासपोर्ट?"

तो तिला खोलीत घेऊन गेला. दिवा लावला. उशीखालून पासपोर्ट काढून तिच्या हातात दिला. मुखवटा कपाटावर होता, जागच्या जागी. पट्ट्या वीतभर. फक्त तोंड भिंतीकडे नव्हतं.

विनीताने वर बघितलं.

"याच्यासाठी? याला घाबरून पोरीच्या दारात उभे होतात?" तिने हात वर करून तो खाली काढला. "भोपळा आहे हा. तुम्ही आयुष्यभर भोपळे कापलेत, बाबा. बघा. काही नाहीये यात, बघा तुम्हीच..."

आणि तिने हात आत घातला.

बोलता बोलता थांबली.

आतली बाजू ओली होती. नाकाशी, तोंडाच्या फटीशी थेंब साठले होते, थंड काचेवर तोंडाची वाफ धरते तसे. कोमट होते. आत्ता, या घटकेला कुणी चेहऱ्यावरून काढून ठेवावा तसा.

तिने हात बाहेर काढला. तळव्याकडे बघितलं. मग वडिलांकडे. मग उघड्या दारातून कस्तुरीच्या खोलीकडे.

मुखवटा तिने कॉटवर ठेवला, अगदी हळू, झोपलेलं मूल ठेवावं तसा. दुसऱ्या हातातला पासपोर्ट परत वडिलांच्या उशीखाली सरकवला. बाहेरची खुर्ची उचलून आणली, कस्तुरीच्या दारासमोर मांडली, पाठ दाराला आणि तोंड हॉलकडे. वडिलांच्या खांद्याला धरून त्यांना तिच्यात बसवलं.

आणि ओला हात अंगापासून लांब धरून ती तो धुवायला निघून गेली.